भाड्याचं घर, रोजच्या भाड्याच्या खोल्या आणि बेळगावचा भाडेकरू

प्रश्न थोडक्यात असा आहे. टिळकवाडीतल्या एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब नऊ वर्षं भाड्याने राहतंय. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, बायको एका खासगी दवाखान्यात, मुलगी मराठी शाळेत सहावीत. भाडं ९,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. गेल्या वर्षी वरचा मजला रिकामा झाला. तेव्हा मालकांनी तिथे एसी आणि पलंग टाकून अ‍ॅपवरून रोजच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता ते म्हणतात, खालचंही तसंच करायचंय. एक तर १४,००० द्या, नाहीतर महिन्याभरात घर रिकामं करा. ताई विचारतात: असं करता येतं का? आम्ही काय करावं? आणि या रोजच्या भाड्यामुळेच बेळगावात घरं परवडेनाशी झालीत का?

मी गेली बावीस वर्षं बेळगावात वकिली करते आणि त्यातली जवळजवळ निम्मी कामं घरभाड्याचीच आहेत. भाडेकरूंची आहेत, तशी घरमालकांचीही.

ताई, आधी हे ऐका. मालक तोंडी ‘महिन्याभरात सोडा’ म्हणाले म्हणून घर सोडावं लागत नाही. सामान बांधायला घेऊ नका आणि रागाच्या भरात भाडंही थांबवू नका. ते दर महिन्याला ज्या तारखेला देता त्याच तारखेला बँकेतून किंवा फोनवरून पाठवा आणि खाली ‘अमुक महिन्याचं घरभाडं’ असं लिहा. मालकांनी घ्यायला नकार दिला तर मनिऑर्डर करा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार-पाच भाडेकरूंची बाजू फक्त एवढ्यावरच लंगडी पडते. नऊ वर्षं रोख भाडं दिलेलं असतं आणि पावती एकही नसते.

आता कायद्याचं. आपल्याकडे अजून खूप जणांना वाटतं की जुन्या भाडेकरूला कोणी हलवू शकत नाही. शहापूरच्या, खडेबाजारच्या वाड्यांत आजोबांच्या काळी ते खरं होतं. आज कर्नाटकात भाडे कायदा १९९९ चा आहे. तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला आणि त्याने एक रेघ मारून ठेवलीय. त्याच्या यादीतल्या मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपयांपेक्षा आणि इतर ठिकाणी २,००० रुपयांपेक्षा जास्त भाडं असेल, तर त्या घराला हा कायदा लागूच होत नाही. आज टिळकवाडीत ३,५०० रुपयांत एक धड खोली तरी मिळते का? म्हणजे तुमच्यासारख्या जवळजवळ सगळ्या भाडेकरूंना त्या कायद्याचं छप्पर नाही. ९,००० चे १४,००० करायला मालकांना कोणाची परवानगी लागत नाही. हे ऐकायला वाईट वाटतं हे मला कळतं, पण खोट्या भरवशावर तुम्ही लढू नये म्हणून सांगते.

(वाड्यात तीनशे-चारशे रुपये भाड्याने राहणारं कोणी हे वाचत असेल तर तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला त्या कायद्याचं संरक्षण आहे. कायद्यात लिहिलेल्या कारणांशिवाय आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तुम्हाला काढता येत नाही. ‘पन्नास हजार घ्या आणि किल्ली द्या’ म्हणत कोणी आलं तर सही करण्याआधी वकिलाला विचारा.)

तुम्हाला लागू होतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. तुमचा अकरा महिन्यांचा करार केव्हाच संपलाय. त्यानंतर मालक भाडं घेत राहिले, म्हणून तुम्ही आज महिन्याच्या बोलीवरचे भाडेकरू आहात. असं भाडं संपवायला मालकांना कलम १०६ प्रमाणे लेखी, सहीची, १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. एवढी कमी मुदत ऐकून लोक घाबरतात. पण नोटिशीने ताबा मिळत नाही. नोटिशीची मुदत संपल्यावरही तुम्ही राहिलात, तर मालकांना दिवाणी न्यायालयात दावा लावूनच घर परत घ्यावं लागतं. तोवर कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं, नळ किंवा वीज तोडणं यातलं काहीही त्यांना करता येत नाही. तसं होईल असं दिसलं तर मनाई हुकूम मागता येतो. आणि दांडगाईने बाहेर काढलंच, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो. त्या दाव्यात घर कोणाचं हा प्रश्नच निघत नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कायदेशीर मार्गाने काढला का, एवढंच बघतात.

म्हणजे कायदा तुमची भाडेवाढ रोखत नाही, तो तुम्हाला वेळ देतो. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. आजच्या भाडेकरूच्या हातात वेळ असते, आणि ती कागदावर असेल तरच त्याच्या हातात राहते.

मग दावा चालू देऊन चार वर्षं काढावीत का? काही जण तसा सल्ला देतात. मी देत नाही. नोटिशीची मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंतच्या काळाची भरपाई न्यायालय जुन्या भाड्याने नाही, बाजारभावाने लावू शकतं. तीन वर्षांनी निकाल विरुद्ध गेला तर दरमहा पाच हजारांचा फरक एकदम अंगावर येतो. तीन वर्षांचे १,८०,००० होतात. शिवाय त्या तीन वर्षांत वरखाली राहणाऱ्या दोन घरांची बोलाचाली बंद, तुमच्या मुलीला अंगणात खेळायची चोरी. वेळ मागा, पण ठरावीक मागा. तुमच्या बाबतीत शाळेचं वर्ष संपेपर्यंतची, म्हणजे एप्रिलअखेरची. मराठी शाळा हल्ली प्रत्येक वस्तीत राहिल्या नाहीत. काकतीकडे किंवा पिरनवाडीच्या पुढे स्वस्त घर मिळालं, तरी वर्षाच्या मध्ये मुलीची शाळा कशी बदलणार? हे मालकांना लेखी कळवा. माझा अनुभव असा आहे की ‘आम्ही जात नाही’ असं म्हटलं की मालक वकील गाठतात. ‘एप्रिलच्या तीसला किल्ली देतो, तोवर १०,००० देतो’ असं म्हटलं की बहुतेक जण कबूल होतात.

पण त्याच्याही आधी एक काम करा. मालकांबरोबर बसून त्यांचा हिशेब मांडा.

रोजच्या भाड्याचा मोह कुठून येतो ते मी जवळून बघितलंय. हिंदवाडीतले एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी माझ्याच एका अशिलाला, पाच वर्षं राहिलेल्या चौघांच्या कुटुंबाला, घर सोडायला लावलं आणि ते घर रोजच्या भाड्याला लावलं. चौदा महिन्यांनी तेच माझ्याकडे आले, हातात लाल पुठ्ठ्याची लांबट वही घेऊन. प्रत्येक रात्रीची नोंद होती. डिसेंबर: १९ रात्री. जानेवारी: ११. मे महिन्यात लग्नसराई, १४. जून: ४. जुलै: ३. जुलैच्या पानावर भिंतीला ओल आल्याचं आणि गादी उन्हात घालायला ऊनच नसल्याचंही लिहिलं होतं. म्हणाले, ‘वकीलबाई, डिसेंबरवरून मी सगळ्या वर्षाचा अंदाज बांधला.’ त्यांना पुन्हा कुटुंब ठेवायचं होतं आणि त्यासाठी चांगला करार हवा होता. आधीचं कुटुंब तोवर अनगोळच्या पलीकडे गेलं होतं, परत आलं नाही.

डिसेंबरचं कारण बेळगावच्या कोणालाही सांगायला नको. २०१२ साली सुवर्णसौध, म्हणजे इथलं विधानभवन, झालं. तेव्हापासून हिवाळी अधिवेशनाला आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, मागण्या घेऊन येणारी माणसं असं सगळं शहरात लोटतं आणि लॉज भरून वाहतात. त्या दहा-बारा दिवसांत कुठलीही खोली जाते. बाकीचं वर्ष बेळगाव म्हणजे गोवा नव्हे. इथे समुद्र बघायला कोणी येत नाही. नेहरूनगरच्या बाजूला दवाखान्यात पेशंट असलेले सिंधुदुर्ग, कोल्हापूर, गोव्याचे नातेवाईक येतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात मुलाची कसम परेड, म्हणजे जवानांचा शपथविधी, बघायला आई-बाप येतात. मुलाला इंजिनिअरिंगला घालायला आलेले पालक, सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेली मंडळी, शनिवार-रविवारचे थोडे फिरस्ते. ही सगळी खरी गरज आहे. पण ती ठरावीक जागी आणि ठरावीक दिवशी असते.

तुमच्या घराचा हिशेब असा मांडून बघा. समजा रात्रीचे १,५०० रुपये आणि महिन्याला सरासरी ९ रात्री. आले १३,५००. त्यातून अ‍ॅपचं कमिशन १५ टक्के धरलं तर २,०२५. चादरी-टॉवेल धुणं आणि सफाई, सहा पाहुण्यांचे मिळून १,५००. वीज आणि वायफाय १,८००. मोडतोड, साबण, बल्ब, नळदुरुस्ती १,०००. उरले ७,१७५. आता एसी, पलंग, टीव्ही, फ्रिज यांना घातलेले १,८०,००० पाच वर्षांत वाटले तर महिन्याला ३,००० जातात. हातात राहिले ४,१७५. तुम्ही देता ९,०००, तेही पहिल्या तारखेला, आणि घराला कुलूप नसतं. अशा हिशेबात तुमच्या ९,००० ला गाठायला महिन्याला चौदा रात्री लागतात, त्याही जून-जुलै धरून बारा महिने. टिळकवाडीच्या आतल्या गल्लीत ते जमणं कठीण आहे. दवाखान्याच्या दारात किंवा हायवेला लागून असेल तर जमतंही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, वेळ आणि डिपॉझिट यावरच बोलावं.

हा कागद मालकांपुढे ठेवा, पण भांडणाच्या सुरात नको. ‘काका, तुमचंच नुकसान होतंय का ते बघा’ या सुरात. वरच्या मजल्याची त्यांची वही त्यांच्याकडे असेलच. त्या वर्षभराच्या रात्री मोजून घ्यायला सांगा. मग ९,००० आणि १४,००० यांच्या मधला आकडा निघतो. मी अशा बैठका माझ्या टेबलावर केल्यात आणि त्या बहुतेक वेळा साडेदहा-अकरा हजारांवर मिटतात.

वरचा मजला चालू आहे तोवर तुम्हाला त्रास होत असेल, तर त्याचीही नोंद ठेवा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘सकाळी सातला टाकी रिकामी असते.’ ते मी दोनदा वाचलं. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं आणि चोवीस तास पाणी मिळणारे वॉर्ड सोडले तर बाकीच्यांना नळाच्या दिवसाची वाट बघावी लागते. एका टाकीवर दोन कुटुंबं जपून वापरतात. वर रोज नवे चौघे उतरले की त्यांना नळाचा दिवस कुठला हे ठाऊक नसतं. पहाटे सगळ्यांच्या अंघोळी होतात आणि तुमची मुलगी शाळेला निघायच्या वेळी बादली घेऊन शेजारी जाते. भाडेकरूला त्याची जागा अडथळ्याशिवाय वापरू देण्याची जबाबदारी मालकावर आहे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये ती आहे. टाकी वेगळी करा, रात्री दहानंतर फाटक बंद ठेवा, पाहुण्याच्या गाड्या दारात नकोत, एवढं लेखी मागा. टाकीचा खर्च थोडाच येतो. सहा-सात हजारांत दुसरी बसते आणि दोन्हीकडची कटकट मिटते.

आता तुमचा मोठा प्रश्न: या खोल्यांमुळेच भाडी वाढली का?

माझं प्रामाणिक मत: बेळगाव शहरात हे मुख्य कारण नाही. काही गल्ल्यांत मात्र ते जाणवण्याइतकं आहे. अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. एखाद्या भागात अशा खोल्यांची संख्या १ टक्क्याने वाढली की तिथलं भाडं सुमारे ०.०१८ टक्के वाढतं, असं त्यांना आढळलं. आकडा बारीक दिसतो, पण अशा खोल्या टक्क्या-टक्क्याने वाढत नाहीत, दुप्पट-चौपट होतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्याला ती जास्त उपयोगी आहे: ज्या भागात मालक स्वतः घरात राहतात, तिथे हा परिणाम कमी होतो. मालक स्वतःच्या राहत्या घरातली एखादी खोली पाहुण्याला देतो, तेव्हा बाजारातून भाड्याचं घर कमी होत नाही. आख्खं घर कुटुंबाकडून काढून रोजच्या भाड्याला लागतं, तेव्हा होतं.

बेळगावात कुटुंबाच्या घराला जास्त मोठा धक्का बसतो तो कॉट बेसिसचा. दोन बेडरूमच्या घरात चार विद्यार्थी किंवा उद्यमबाग-मच्छेतले चार कामगार ठेवले, प्रत्येकी ३,५०० घेतले, की झाले १४,०००. कुटुंब तेवढं देऊ शकत नाही. मालकांनी तुम्हाला नेमका १४,००० चा आकडा सांगितला, तो मला वाटतं कॉटच्याच हिशेबाचा आहे. कॉटचं भाडं वाढतं, त्याला बघून घराचं वाढतं, त्यात रोजच्या भाड्याची बातमी शेजारून येते आणि ‘आपलंही तेवढं का नाही’ असं प्रत्येक मालकाला वाटायला लागतं. घर प्रत्यक्षात रोजच्या भाड्याला लागायच्या आधीच भाडं वाढतं, ते असं.

आणि घरं कमी पडली की आधी कोण बाहेर पडतं? एकटी राहणारी नोकरदार बाई. मुसलमान कुटुंब. दलित कुटुंब. मटण शिजवणारं घर. लहान मूल असलेलं जोडपं. माझ्याकडे कागद, पगार, ओळख सगळं नीट असलेली एक नर्स आली होती. तिला दीड महिन्यात अकरा घरांनी ‘आताच दिलं हो’ म्हणून परत पाठवलं. दहा घरं रिकामी असतात तेव्हा मालक नाव-आडनाव कमी विचारतो. दोनच असतात तेव्हा सगळं विचारतो.

खानापूर तालुक्यात चित्र वेगळं आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाच्या वाटेवर शनिवार-रविवारची माणसं खरोखर येतात. पावसाळ्यात तर जास्तच, धबधबे आणि भीमगडच्या जंगलासाठी. २०२० मध्ये कर्नाटक जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता यायला लागली. तेव्हापासून बाहेरच्यांची फार्महाउसं वाढलीत. गावातला माणूसही घराची पुढची खोली सजवून पाहुण्याला देतो. त्याच्या हातात चार पैसे येतात आणि ते यावेत असंच मला वाटतं. पण बदलीवर आलेली शिक्षिका, आरोग्य केंद्रातली नर्स, वनखात्याचा पहारेकरी यांना गावात खोली मिळत नाही. त्या शिक्षिका रोज खानापूरहून बसने ये-जा करतात. पाऊस लागला आणि बस चुकली की शाळेला उशीर.

‘मग शिनोळीला जाऊ का, तिकडे स्वस्त पडेल’ असं तुम्ही लिहिलंय. जाऊ शकता. बेळगावात काम करणारी कितीतरी माणसं चंदगड तालुक्यातून रोज येतात. पण सीमा ओलांडली की कायदा बदलतो, हे ध्यानात घेऊन जा. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे त्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार, अगदी पाच महिन्यांचाही, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की ‘लीव्ह अँड लायसन्स’ची (ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीच्या कराराची) मुदत संपली की कलम २४ खाली मालकाला घर लवकर परत मिळतं आणि तुम्ही अडून राहिलात तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते. आणि राज्य बदललं की इथलं रेशनकार्ड, गृहज्योतीची मोफत वीज, गृहलक्ष्मीचे महिन्याचे २,००० रुपये, तुमचा बसचा शून्य तिकिटाचा प्रवास हे सगळं डळमळतं. भाड्यात वाचलेल्या अडीच हजारांतून हे आधी वजा करा आणि मग ठरवा.

एक सापळाही सांगते. भाडं परवडत नाही म्हणून बरीच कुटुंबं ‘लीज’वर घर घेतात: चार-पाच लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं नाही, जाताना रक्कम परत. ऐकायला फार सोयीचं. पण ती रक्कम मालक तिजोरीत ठेवत नाही, कुठेतरी खर्च करतो. हल्ली मी बघते, खालच्याकडून लीजचे पाच लाख घेऊन त्यातूनच वरचा मजला पाहुण्यांसाठी सजवलेला असतो. माझ्या एका अशिलाने मुलीच्या लग्नाचे जपलेले साडेचार लाख असे दिले. घर आधीच एका बँकेकडे गहाण होतं. बँकेची नोटीस दारावर चिकटली त्या दिवशी त्याला ते कळलं. त्याच्याकडे शंभराच्या स्टॅम्पवरचा एक साधा कागद होता, नोंदणी नाही. साडेचार लाखांपैकी दीड परत मिळवायला आम्हाला तीन वर्षं लागली. म्हणून लीजवर घेणार असाल तर आधी सब-रजिस्ट्रारकडून घराचा ई.सी. (घरावर कर्जाचा बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) काढून बघा, कराराची नोंदणी करा आणि पैसे फक्त बँकेतून द्या. मालक नोंदणीला तयार नसेल तर ते घर तुमचं नाही.

तुमच्या मालकांशी जमलं तर पुन्हा अकरा महिन्यांचा कागद करू नका. अकरा महिन्यांची रीत पडली ती एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे म्हणून. नोंदणीचा खर्च वाचवायला दोघंही ती पाळतात आणि भाडेकरूच्या हातून वेळ निघून जाते. तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा. स्टॅम्प आणि नोंदणीला लागणारे पैसे निम्मे-निम्मे करा. मधल्या काळात १५ दिवसांच्या नोटिशीने घर जात नाही. दरवर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहून टाका, म्हणजे दर मार्चला छातीत धडधड नको. घर सोडायचं झाल्यास दोन्हीकडून तीन महिन्यांची नोटीस, आणि शाळेच्या वर्षाच्या मध्ये नाही. डिपॉझिट किल्लीबरोबर, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. कापायचे असतील तर पावत्या दाखवून. केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नमुना भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याएवढंच असावं असं म्हटलंय. राज्याने तो स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही, पण बोलणी करताना दाखवायला उपयोगी आहे. करार कन्नडमध्ये लिहिला जाणार असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी प्रत्येक कलम मराठीत वाचून घ्या आणि मराठी प्रतीवर दोघांच्या सह्या घ्या. ‘वाचायला काय, नेहमीचंच आहे’ असं स्टॅम्पवाला म्हणेल. त्याचं ऐकू नका.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर ताई, तुमच्या नावाने अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न विचारत नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

शहर म्हणून काय मागावं, हेही विचारलंय. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणी आणि मालकाची हजेरी सक्तीची केली. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. बेळगावला एवढं कडक काही नको. पेशंटबरोबर आलेली कुडाळची आजी रात्री कुठे झोपणार, हा प्रश्नही आपलाच आहे. मी मागेन ते एवढंच: मालक राहतो त्या घरातली खोली आणि मालक राहत नाही ते आख्खं घर यांत महापालिकेने फरक करावा. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत तो आहेच; मालक कुटुंबासह तिथे राहत असला पाहिजे आणि खोल्या सहापेक्षा जास्त नकोत. आख्ख्या घराची वॉर्डवार नोंद व्हावी आणि घरपट्टी व्यवसायाच्या दराने लागावी. आज कुठल्या गल्लीत किती घरं अशी गेली हे मोजलंच जात नाही. नगरसेवकाकडे जाताना ‘भाडी कमी करा’ असं सांगू नका, त्याच्या हातात ते नाही. तुमच्या गल्लीतल्या अशा घरांची यादी करून न्या आणि नोंद मागा.

आणि शेवटी घर सोडायची वेळ आलीच, तर किल्ली देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि वीज मीटरच्या आकड्याचे फोटो काढा, मालकांसमोर. गृहज्योतीसाठी त्या मीटरला तुमचा आधार जोडलेला असेल. तो काढून घेतल्याशिवाय नव्या घरच्या मीटरला जोडता येणार नाही, आणि तुमच्या नावावरच्या मोफत युनिटांवर त्या घरात पाहुण्यांचा एसी चालायला नको. डिपॉझिट खात्यात आलेलं फोनवर बघा, मग किल्ली टेबलावर ठेवा.